रफूबाईंनी ठरवलेला निळा

रफूबाईंनी दातकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन हातांत मिळून रफूबाईंच्या वडिलांचे अठ्ठावीस दात होते, आणि ते द्यायला त्यांची तयारी नव्हती.

वडिलांचे स्वतःचे दात काढून झाले होते. कवळी आठ दिवसांत मिळायची होती, तिला एकोणीस दिवस झाले होते. जो माणूस एका वाक्यात सगळं घर गप्प बसवायचा, त्याचा हुकूम कुठला आणि सुस्कारा कुठला हेच आता कोणाला कळेनासं झालं होतं. घरात एकोणीस दिवस लोकशाही नांदली. आईचं म्हणणं होतं की एवढी घाई काय आहे. पण रफूबाई तेव्हा चोविशीच्या, बापाच्या लाडक्या आणि भांडणाची हौस असलेल्या. बाह्या सरसावून त्या दातांच्या लॅबचे तीन जिने चढल्या.

वरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. ही गोष्ट सांगताना रफूबाई जबड्यांची संख्या दर वर्षी थोडी वाढवतात, सध्या ती चारशेवर आहे. तर चारशे जबडे दात काढून हसत होते आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या कोटातला एक बारीक माणूस रडायच्या बेतात उभा होता.

“वरचा डावा चौथा,” तो म्हणाला. “मला पटत नाही.”

“वडिलांना पटेल,” रफूबाई म्हणाल्या.

“त्यांना काय, काहीही पटेल. ते एकोणीस दिवस उपाशी आहेत.”

पुढे काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. रफूबाई म्हणतात, मी कवळी हिसकावून घेतली. दातकाका म्हणतात, तिने हात जोडले. दोघंही बहुधा खोटं बोलतात. खरं एवढंच की दुसऱ्या दिवशी तो माणूस कवळी घेऊन स्वतः घरी आला, ती बसवली, आणि वडिलांचं एक अख्खं सफरचंद संपेपर्यंत समोर बसून आपलाही जबडा हलवत राहिला. मग तिसऱ्या दिवशी आला, दाढ टोचते का विचारायला. मग पाचव्या दिवशी. दुसऱ्या महिन्यात वडिलांच्याही लक्षात आलं की जगातल्या कुठल्याच कवळीला इतकी देखरेख लागत नाही.

लग्न झालं, त्यालाही आता छत्तीस वर्षं झाली. गल्ली त्यांना दातकाका म्हणते आणि यांना रफूबाई, कारण ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खिडकीशी बसून त्या लोकांच्या कोटांची भोकं बुजवतात. कसर लागलेला कोट असा बुजवतात की मालकाला भोक कुठे होतं ते आठवू नये.

दातकाका दात करायचे, पण तो त्यांचा जोडधंदा. मूळ धंदा काळजी. आपण कवळी दिलेला माणूस हॉटेलात शिरताना दिसला की हे मागोमाग आत जायचे, पलीकडच्या टेबलावर बसायचे आणि तो डाव्या बाजूने चावतो की उजव्या, हे पाहत आपलं खाणं गार करायचे. कोणी खळखळून हसलं की बाकीचे हसण्यात सामील व्हायचे, हे दाढा मोजायचे. मग लॅबमध्ये एक यंत्र आलं. चहाचा कप रिकामा होईपर्यंत ते कवळी तयार करायचं आणि वरच्या डाव्या चौथ्याबद्दल त्याचं काहीच म्हणणं नसायचं. दातकाका घरी बसले. शेकडो तोंडांत वाटली गेलेली काळजी आता एकाच बाईवर येऊन पडली. रफूबाई शिंकल्या तर ते खिडकी लावायचे, पुन्हा शिंकल्या तर उघडायचे. तिसऱ्या आठवड्यात रफूबाईंनी स्वतः जाऊन ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या लिनोच्या वर्गात त्यांचं नाव घातलं. आठवड्यातून दोन दुपारी घर मोकळं मिळालं तरी खूप, एवढाच हेतू.

लिनो म्हणजे फरशीवर अंथरतात तसल्याच जातीचा मऊ, राखाडी तुकडा. त्यावर कोरणीने चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची, कागद ठेवून पाठीमागून लाकडी चमच्याने घासायचं. कोरलं तेवढं पांढरं राहतं, उरलं तेवढं छापतं. हे दातकाकांच्या डोक्यात शिरेना. चाळीस वर्षं त्यांनी साचे केलेले, आणि साच्यात जिथे खड्डा तिथे दात. त्यांनी मोठ्या कष्टाने एक पान कोरलं, आणि कागदावर काळ्या मैदानात पानाच्या आकाराचं भोक आलं. वर्ग चालवणारी बाई तिशीची, कायम कोपरापर्यंत शाईने माखलेली. तिला सगळे शाईबाई म्हणत. तिने समजावलं की काका, गेलं ते गेलं, लिनो परत भरता येत नाही. हे वाक्य दातकाकांना फार लागलं. मेण जास्त खरवडलं गेलं तर वितळवून पुन्हा लावता येतं, यावर तर त्यांचं आयुष्य चाललेलं. पुढच्या खेपेला चुकलेली खाच त्यांनी घरून आणलेल्या कवळीच्या मसाल्याने भरली. मसाला अर्थातच गुलाबी. शाईबाईने ठोकळा उचलून पाहिला आणि ती म्हणाली, काका, तुमच्या लिनोला हिरडी आली.

मग एका दुपारी ते ग्रंथालयातलं एक मोठं पुस्तक काखेत मारून घरी आले. आत जपानी कापडांचे फोटो होते. निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड, झिजलेलं, ठिगळावर ठिगळ, आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या रांगा, पेरल्यासारख्या. त्या टाक्यांना तिकडे साशिको म्हणतात, म्हणजे बारीक बारीक भोसके, असं शाईबाईने सांगितलं होतं. थंडीच्या मुलखातल्या गरिबांच्या बायका उबेसाठी आणि कापड टिकावं म्हणून असे टाके घालत.

“हा धावदोरा आहे,” रफूबाई म्हणाल्या. “यात भोसकण्यासारखं काय आहे?”

म्हणाल्या खऱ्या, पण पुस्तक त्यांनी नाकाला टेकेल इतकं जवळ धरलं होतं. दातकाकांनी खिडकीचा पडदा सरकवला, मग दिवाही लावला.

रफूबाईंचा डावा डोळा लहानपणी पडल्यापासून नावालाच आहे. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळतं. सगळा संसार, सगळं रफूकाम उजव्यावर. आणि गेल्या दीड वर्षात त्या उजव्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. आधी त्यांना वाटलं, दुकानाची खिडकी मळली. खिडकी पुसली. मग वाटलं, चष्मा मळला. दुकानातल्या इस्त्रीवाल्याला सगळ्यात आधी कळलं. रोज सकाळी तो त्यांना वीस सुया ओवून द्यायचा, उशीत टोचून ठेवायचा आणि वर म्हणायचा, बाई, आधी गेलात तर मला स्वर्गात जागा धरून ठेवा. बाकी कोणाला पत्ता नव्हता. मग एका गिऱ्हाइकाचा गडद निळा कोट त्यांनी कोपरावर इतका सुरेख रफू केला की बोट फिरवून कळू नये. फक्त दोरा काळा होता. दुकानाच्या मालकीणबाईंनी कोट पाहून फक्त घडी घातली. दुसऱ्या दिवशी सगळ्या रिळांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: काळा, निळा, तपकिरी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रफूबाईंना दिवसभर वाटत राहिलं. ज्या बाईला सतरा निळे वेगळे सांगता यायचे तिने चिठ्ठी वाचून दोरा घ्यायचा, आणि चिठ्ठ्या किती दिवस पुरणार?

ऑपरेशन पाच आठवड्यांनंतरच्या बुधवारी ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, साधं काम आहे, रोज आठ करतो. पण तुमचा हा एकच डोळा, म्हणून कागद जरा नीट वाचा. कागदावर काय काय होऊ शकतं याची यादी होती. दातकाकांनी ती तिथेच बसून चार वेळा वाचली, घरी नेऊन आणखी किती वेळा ते कळायला मार्ग नाही. घराच्या दारात येऊन ते म्हणाले की डॉक्टरांचा खालचा पुढचा दात वाकडा आहे. ज्याला आपला दात सरळ करून घ्यायचं सुचत नाही, त्याच्या हाताचा काय भरवसा?

त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की ते लिनोत रफूबाईंचे टाके कोरणार. त्या पुस्तकातल्यासारखं ठिगळांचं निळं कापड, तीन निळे रंग, आणि पांढरा धावदोरा. ऑपरेशननंतरच्या रविवारपासून ग्रंथालयात वर्गाचं प्रदर्शन होतं, त्यासाठी. पण मंगळवारपर्यंत व्हायला पाहिजे, असंही म्हणाले. रविवारच्या प्रदर्शनाला मंगळवार कशाला, हे रफूबाईंनी विचारलं नाही. बुधवारचं नाव दोघांच्याही तोंडून निघालं नाही.

हातात पाच आठवडे होते. रफूबाईंनी लिनोवर पांढऱ्या पेन्सिलीने टाके आखून दिले, नजरेपेक्षा हाताच्या सवयीने. दोन रांगा जिथे छेदतात तिथे मध्ये जागा सोडायची, दोऱ्यांनी एकमेकांच्या अंगावर चढायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. दातकाका दातांच्या हत्यारांनी कोरायला बसले. एकेक टाका तांदळाएवढा. एक कोरायचा, फुंकर मारायची, भिंगातून बघायचं, आणि शेजारच्या खोलीत रफूबाईंना ऐकू जाईल असा निःश्वास टाकायचा. असे अकराशे चाळीस. “अहो, त्याला भूल दिली आहे का?” असं रफूबाईंनी एकदा विचारलं, पण दातकाका हसले नाहीत.

पद्धत अशी होती की तिन्ही रंग एकाच ठोकळ्यातून काढायचे. पांढरं ठेवायचं ते आधी कोरायचं आणि सगळ्या कागदांवर फिका रंग छापायचा. मग जे फिकं ठेवायचं ते कोरून टाकायचं, वर मधला निळा. मग पुन्हा कोरायचं, वर गडद. प्रत्येक थर सुकायला पाच दिवस. ठोकळा दर वेळी खंगत जातो, मागच्या रंगाकडे परत जाता येत नाही, आणि कागद बिघडला तर नवा घेता येत नाही. चुकलं की कायमचं चुकलं अशी कामं दातकाकांनी जन्मभर टाळली होती. आता त्यांनी नेमकं तेच निवडलं होतं, तेही बुधवारच्या आधी. बारा कागदांनी सुरुवात झाली. फिक्या थराला दोन सरकले, मधल्याला तीन. सात उरले.

दातकाका वर्गाला गेले की रफूबाई घरात डोळे मिटून चालून बघायच्या. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. मोरीपासून ओट्यापर्यंत सात. कपबशा हाताने ओळखू येत होत्या, औषधाच्या बाटल्या येत नव्हत्या. पहिल्या दिवशी खुर्चीला गुडघा आपटला तो निळा पडला असणार. त्यांना तो तपकिरी दिसला.

शेवटचा थर मंगळवारी दुपारी. वर्गाला सुट्टी होती, शाईबाई खोली उघडून देऊन गेली, पाच वाजता येते म्हणाली. दातकाकांनी काचेवर निळ्या आणि काळ्या शाईचा गोळा काढला आणि सुरी रफूबाईंपुढे केली. रंग हे खातं पहिल्यापासून त्यांचं. दातकाकांना दातांच्या पांढऱ्यात सोळा छटा झोपेतही सांगता येत, पण पांढऱ्याच्या पलीकडे गेले की माणूस हरवायचा. एकदा ते एक काळा आणि एक हिरवा मोजा घालून लग्नाला जाऊन आले होते, आणि त्यांच्या मते दोन्ही राखाडी होते.

“तुम्ही मिसळा, मी सांगते,” रफूबाई म्हणाल्या. दातकाकांनी पुस्तक उघडून शेजारी ठेवलं, रफूबाईंनी ते मिटलं. तो निळा माझ्या डोक्यात आहे, पुस्तक कशाला? खरं म्हणजे शेजारी ठेवून ताडून बघायची त्यांना भीती वाटत होती.

सुरी फिरली. काळपट आहे, अजून निळं घाला. घातलं. अजून. दातकाका थांबले, काचेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि घातलं. रफूबाई तोंड काचेजवळ नेत म्हणाल्या, चिखल दिसतो आहे हो, हात आखडू नका. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी त्यांना हवा तो निळा दिसला: खोल, शांत, तीस वर्षं सुईखालून गेलेल्या कामाच्या कोटांचा. त्यांना एकदम हलकं वाटलं. डोक्यातला रंग शाबूत आहे, म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही.

मग दोघांनी मिळून सातही कागद छापले. दातकाका रोलर फिरवायचे, रफूबाई चमच्याने घासायच्या. घासणं हाताचं काम, त्याला डोळा लागत नाही. सातवा कागद दोरीवर टांगला आणि दातकाकांनी विचारलं, “दिसतात का टाके?”

“दिसतात ना,” रफूबाई म्हणाल्या. त्यांना निळ्यावर धुकं दिसत होतं. धुकं जिथे असायला हवं होतं तिथे होतं, म्हणून त्या म्हणाल्या, रांगा छान आल्या आहेत.

पाचला शाईबाई आली. दारातूनच म्हणाली, “अय्या काका, हा कुठला निळा? प्लॅस्टिकच्या बादलीचा?” मग तिचं लक्ष दातकाकांच्या चेहऱ्याकडे गेलं असावं, कारण ती मध्येच थांबली. म्हणाली, नाही, म्हणजे छान आहे, वेगळा आहे. आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवत बसली. शाईबाईला हात धुताना वर्गाने त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

रफूबाई स्टुलावर बसल्या. चमचा हातातच होता.

“किती निळा आहे?”

“आहे निळा,” दातकाका म्हणाले.

“अहो, किती ते विचारते आहे.”

“खूप आहे.”

“म्हणजे तुम्हाला दिसत होतं. सहाही वेळा.”

दातकाकांनी सुरी पुसायला घेतली. ती पुसलेलीच होती. “पहिल्याच वेळी बरोबर झाला होता, एवढं मलाही कळलं,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुला कळलं असतं.”

“काय कळलं असतं?”

“किती गेलंय ते.”

रफूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि मग सगळं सांगितलं. निळ्या कोटाचा काळा दोरा, रिळांवरच्या चिठ्ठ्या, इस्त्रीवाल्याच्या वीस सुया. मालकीणबाई आता सोपी कामं बाजूला काढून देतात तेही. डोळे मिटून घरभर चालते तेही सांगितलं: पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं.

“बारा,” दातकाका म्हणाले. “कपाटाचं दार उघडं असलं तर वळसा पडतो. म्हणून हल्ली मी ते लावून जातो.”

म्हणजे ते वर्गाला निघायचे आणि दारामागे उभे राहायचे. त्यांना एकाच वेळी या माणसाच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली आणि त्याचा हात धरून बसावंसंही वाटलं. हात शाईने बरबटलेले होते, त्यामुळे दोन्ही राहिलं.

“मला भीती वाटते,” त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांत हे खातं दातकाकांचं होतं. या घरात घाबरायचं ते त्यांनी आणि हसायचं ते रफूबाईंनी. दातकाका गोंधळले. काही होणार नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ती यादी त्यांना तोंडपाठ होती. “मलाही,” ते म्हणाले.

हात धुऊन आलेल्या शाईबाईने सुचवलं की सुकल्यावर वरून एक काळपट थर देता येईल. पण सुकायला पाच दिवस आणि ऑपरेशन उद्या. दातकाकांनी रफूबाईंच्या हाताचं एक बोट धरलं, सुकलेल्या मधल्या थराच्या एका फुकट गेलेल्या कागदावर ठेवलं आणि टाक्यांच्या रांगेवरून हळूहळू फिरवलं. शाई जरा उंच असते, टाका खोल. रफूबाईंनी तिसऱ्या रांगेत बोट थांबवलं आणि म्हणाल्या, इथे एक टाका सुटलाय. दातकाकांनी भिंग काढलं. सुटला होता.

बुधवारी रफूबाई आत गेल्या तेव्हा दातकाका बाहेरच्या बाकावर बसले. शेजारच्या बाईंना त्यांनी विचारलं की तुमची कवळी कोणी केली, फार सैल आहे. बाईंनी जागा बदलली.

ऑपरेशन चोवीस मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डोळा उत्तम होता. रविवारी त्या काळा चष्मा लावून ग्रंथालयात गेल्या, प्रिंटपुढे उभ्या राहिल्या, चष्मा वर करून तो बादलीचा निळा बघितला आणि म्हणाल्या, “चला घरी.” सात प्रिंटपैकी एक शाईबाईने ठेवून घेतली. वरून काळपट थर द्यायचं राहूनच गेलं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सुई धरायला परवानगी दिली. रफूबाई दुकानात गेल्या तेव्हा मागच्या खिडकीशी दुसरी बाई बसलेली होती, आणि मालकीणबाईंनी सांगितलं की तिला कायम केलं आहे.